जुनी सॉफ्टवेअर्स सांभाळून ठेवताय का? कोणती, आणि कशासाठी?

तळघर

पेजमेकर ७ ही पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती. ती २००१ साली आली आणि त्यानंतर ते विकणाऱ्या अडोबी कंपनीने सगळा भर इनडिझाइन या दुसऱ्या मांडणीच्या सॉफ्टवेअरवर दिला. माझ्याकडे ती अजून चालू स्थितीत आहे. सोबत मूळ सीडी, सीरियल नंबरचा कागद आणि त्या काळचे मराठी फॉन्टही आहेत. ती काढून टाक, असं मला सांगणाऱ्यांची कमतरता नाही. काढणार नाही, आणि का ते इथे सविस्तर लिहितो.

फाइल सांभाळली म्हणजे काम सांभाळलं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात फाइल म्हणजे नुसते आकडे असतात. ती उघडणारा प्रोग्रॅम जोपर्यंत चालतो तोपर्यंतच तिला अर्थ असतो. आमच्या नियतकालिकाचे कितीतरी अंक पेजमेकरमध्ये लागले. छापील प्रती आहेत, पण त्यातला एखादा लेख पुन्हा छापायचा झाला तर मूळ फाइलच हवी. स्कॅन करून तेवढी शुद्ध प्रत मिळत नाही.

दुसरं म्हणजे, लोक सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी आवृत्ती ठेवतात आणि मधल्या फेकून देतात. मोल मधल्यांचंच जास्त असतं. इनडिझाइन सीएस६ पेजमेकर ६ ते ७ च्या फाइली थेट उघडतं, त्यापुढचं इनडिझाइन उघडत नाही. अ‍ॅक्सेस ९७ चा डेटाबेस अ‍ॅक्सेस २०१३ ला उघडत नाही, पण २०१० ला उघडतो आणि नव्या प्रकारात सेव्हही करून देतो. ही मधली आवृत्ती गेली की जुन्याकडून नव्याकडे यायची वाटच बंद होते. म्हणून माझा आग्रह असा की कपाट आवरताना नेमक्या या मधल्या सीड्यांना हात लावू नका.

तुमच्याकडे काय काय आहे? आणि ते चालू ठेवायला काय करता?

रात्रपाळी

तळघर, तुमची तळमळ समजते, पण विरुद्ध बाजू मांडायलाच हवी. मी नेटवर्क सांभाळण्याच्या कामात आहे. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. त्यानंतर सापडलेली भोकं बुजवायला कोणी येत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही तातडीने दुरुस्ती काढावी लागली. असं प्रत्येक वेळी होईल या भरवशावर राहता येत नाही.

जुना प्रोग्रॅम ठेवायचा म्हणजे बहुतेकदा जुनी ऑपरेटिंग सिस्टिमही ठेवावी लागते. तीच घरच्या नेटवर्कला जोडलेली असते, त्याच मशीनवर मेल उघडली जाते, तिथूनच बँकेचे व्यवहार होतात. हे मी वारंवार पाहतो आणि प्रत्येक वेळी मला त्याचा त्रास होतो.

तळघर

@रात्रपाळी, मुद्दा पूर्ण मान्य. माझं पेजमेकर चालतं ते व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या वेगळ्या संगणकात, आणि त्या मशीनचं नेटवर्क कार्ड सेटिंगमध्येच बंद केलेलं आहे. आतल्या विंडोजला इंटरनेट नावाची गोष्ट दिसतच नाही. फाइलींची ने-आण फक्त एका शेअर्ड फोल्डरमधून.

आत विंडोज २००० आहे. पेजमेकर ७ त्यावर व्यवस्थित चालतं, ते हलकं आहे, आणि एक्सपीपासून सुरू झालेली अ‍ॅक्टिव्हेशनची भानगड (चालू करायला कंपनीची परवानगी घ्यायची) त्यात नाही. परवान्याची मूळ सीडी तुमची स्वतःची हवी, हे ओघाने आलंच.

सदाफुली

इथे सगळे फाइलींबद्दल बोलताहेत. मला हाताच्या सवयीबद्दल बोलायचंय.

मी लिहायला शिकले वर्डस्टार या डॉसच्या काळातल्या वर्ड प्रोसेसरवर. कंट्रोल दाबून ई, एस, डी, एक्स या चार कळांनी कर्सर वर-खाली, डावी-उजवीकडे जातो. बोटं मधल्या ओळीवरून हलत नाहीत, बाणांच्या कळा शोधाव्या लागत नाहीत, माउस तर नाहीच. परिच्छेद निवडायचा तर आधी सुरुवातीला खूण, मग शेवटी खूण. मधे मजकूरभर हिंडून यायची मोकळीक असते, निवड सुटत नाही. आजच्या वर्ड प्रोसेसरमध्ये चुकून एक कळ दाबली गेली की निवडलेलं सगळं गायब. लिहिताना ज्यांना मागे-पुढे जाऊन विचार करावा लागतो त्यांना या फरकाची किंमत कळेल.

यात मी एकटी नाही. विज्ञानकथाकार रॉबर्ट सॉयर यांनी २०२४ मध्ये वर्डस्टार ७ चा पूर्ण संच, माहितीपुस्तिकांसकट आणि आजच्या मशीनवर चालवायच्या सोयीसह, सगळ्यांसाठी खुला केला. ते स्वतः त्यातच लिहितात. लिनक्सवर 'जो' नावाचा छोटा एडिटर आहे, त्यातही वर्डस्टारच्या धर्तीच्या कळा आहेत. मी आता इंग्रजी लेखन त्यात करते. मराठीसाठी मात्र तसं काही सापडलेलं नाही आणि त्याची खंत आहे.

खटपट्या

सदाफुली, छान लिहिलंत. कंट्रोल-के-बी, कंट्रोल-के-के! (त्याच त्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणा.)

थोडं तांत्रिक. "माझा जुना प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालत नाही" या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे (डॉस आणि सुरुवातीच्या विंडोजच्या काळचे) प्रोग्रॅम चालत नाहीत, ती सोयच त्यात ठेवलेली नाही. ३२ बिटचे बहुतेक चालतात. आता गंमत अशी की १९९५ नंतरचे अनेक प्रोग्रॅम स्वतः ३२ बिटचे असले तरी त्यांचा सेटअप १६ बिटचा होता. सेटअप चालत नाही म्हणून लोक प्रोग्रॅमच मेला असं समजतात. असं असेल तर तो व्हर्च्युअल मशीनमध्ये इन्स्टॉल करा आणि तिथून पूर्ण फोल्डर उचलून बाहेर आणून बघा. रजिस्ट्रीवर, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीवर, फार अवलंबून नसलेले बरेच प्रोग्रॅम असे चालून जातात. शुद्ध १६ बिटच्या विंडोज प्रोग्रॅमसाठी ओटीव्हीडीएम हे मोफत साधन आहे. डॉससाठी अर्थातच डॉसबॉक्स, जुन्या डॉस मशीनची नक्कल करणारं साधन.

कधी कधी प्रोग्रॅम न चालण्याचं कारण मशीन फार वेगवान असणं हे असतं. टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या साधनात लिहिलेले जुने प्रोग्रॅम सुरू होताच 'रनटाइम एरर २००' देऊन बंद पडतात. त्यांच्या सीआरटी युनिटमध्ये (पडदा आणि कळफलक सांभाळणाऱ्या तयार भागात) सुरुवातीला मशीनचा वेग मोजणारा एक भाग आहे. वेग साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे गेला की त्यातल्या भागाकाराचं उत्तर ठरलेल्या जागेत मावत नाही आणि प्रोसेसर चूक नोंदवतो. त्या वेळी एवढा वेग कुणाच्या गावीही नव्हता. डॉसबॉक्समध्ये सायकल्सचा (वेगाचा) आकडा कमी केला की तोच प्रोग्रॅम मुकाट्याने चालू होतो.

ओझरते

माझा प्रश्न या धाग्यात बसतो म्हणून इथेच विचारतो. वडिलांनी १९९८ ते २००५ च्या दरम्यान पेजमेकरमध्ये केलेली पुस्तकं आहेत. त्यांचा संगणक आता नाही, फाइली मात्र सीडीवर होत्या आणि सुदैवाने वाचता आल्या. एका फाइलीतला मजकूर कसाबसा बाहेर काढला तर तो असला काही दिसतो की वाचवत नाही: इंग्रजी अक्षरं, डोक्यावर चिन्हं असलेली युरोपीय अक्षरं, मधेच अवतरणचिन्हं. फाइल खराब झाली आहे का?

तळघर

@ओझरते, फाइल खराब नाही, निश्चिंत राहा. तो अस्सल मराठी मजकूर आहे, फक्त तुमच्याकडे फॉन्ट नाही. पेजमेकर आपल्या फाइलीत फॉन्ट भरून ठेवत नाही, फक्त नाव लिहून ठेवतं. वडिलांच्या सीड्यांमध्ये फॉन्टांचा वेगळा फोल्डर, किंवा श्रीलिपी, आयएसएम, आकृती या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरपैकी कशाची सीडी आहे का ते आधी बघा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

सीडी मिळाली तर सोबत डोंगल (संगणकाला जोडायची परवान्याची किल्ली) होतं का, तेही आठवा. यूएसबीचं डोंगल व्हर्च्युअल मशीनला जोडता येतं. जुन्या प्रिंटर पोर्टचं असेल तर त्याला खराखुरा पोर्ट असलेलं मशीनच लागेल, कारण बाजारात मिळणारी यूएसबी ते प्रिंटर केबल फक्त प्रिंटरशी बोलते, डोंगलशी नाही. अर्थात नुसतं वाचायचं आणि छापायचं असेल तर फॉन्टाच्या फाइली पुरतात. डोंगल बहुधा टायपिंगच्या सॉफ्टवेअरला लागतं.

बारकावे

या प्रश्नावर मी बराच काळ काम केलं आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारं मानक, १९९१ चं. पण विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली विंडोज २००० पासून, आणि पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत आलंच नाही. त्यामुळे त्या काळातलं जवळजवळ सगळं मराठी डीटीपी एका क्लृप्तीवर चाललं: इंग्रजी फॉन्टमध्ये जी २५६ घरं असतात, त्यात देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवायचे. तुकडे म्हणतोय ते शब्दशः. बहुतेक फॉन्टांमध्ये 'ग' असं अखंड अक्षर नसतं. अर्धा 'ग' एका घरात आणि काना दुसऱ्या घरात. फाइलीत दोन आकडे शेजारी आले की डोळ्यांना 'ग' दिसतो. संगणकाला त्यात मराठी काही दिसत नाही.

साठवण्याचा क्रमही दिसण्याचा, उच्चाराचा नव्हे. 'स्थिती' घ्या. पहिली वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून ती फाइलीत सगळ्यात आधी येते, मग अर्धा 'स', मग 'थ'. युनिकोडमध्ये ती 'थ'नंतर हवी. म्हणजे कन्व्हर्टरला (जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या प्रोग्रॅमला) वेलांटी उचलून अख्ख्या जोडाक्षराच्या पलीकडे न्यावी लागते, आणि त्यासाठी जोडाक्षर कुठे संपतं हे कळावं लागतं. रफाराचं नेमकं उलटं. 'मूर्ती' मध्ये दुसरी वेलांटी आणि तिच्या डोक्यावरचा रफार मिळून बऱ्याचदा एकच तुकडा असतो, तो 'त'नंतर साठवलेला. युनिकोडसाठी त्याचे दोन भाग करून रफार 'त'च्या आधी सरकवायचा. रफारावर अनुस्वार असेल तर तिसराच तुकडा.

हे सगळं प्रत्येक फॉन्टमालिकेत वेगळ्या क्रमांकांवर. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्याच डीव्ही-टीटी आणि डीव्हीबी-टीटी या दोन मालिका घ्या: दुसरी द्वैभाषिक, तिच्यात इंग्रजी अक्षरंही आहेत, त्यामुळे देवनागरीची घरं निराळी. एकाचा तक्ता (कोणत्या घरात कोणता तुकडा याचा) दुसऱ्याला लावला की मजकुराचा चुराडा होतो.

म्हणून @ओझरते, तीन गोष्टी कृपया पाळा. मजकूर बाहेर काढताना नुसता टेक्स्ट काढू नका, आरटीएफ काढा. आरटीएफमध्ये कोणत्या शब्दाला कोणता फॉन्ट होता याची नोंद राहते. नुसत्या टेक्स्टमध्ये ती पुसली जाते, आणि मग मधे आलेला खरा इंग्रजी शब्द कोणता आणि इंग्रजीसारखी दिसणारी मराठी कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही. दुसरं, तो मजकूर वर्डमध्ये टाइप किंवा दुरुस्त करणार असाल तर आधी ऑटोकरेक्ट पूर्ण बंद करा. वाक्याचं पहिलं अक्षर ते आपोआप कॅपिटल करतं, सरळ अवतरणचिन्हं गोल करतं. इंग्रजीत तो उपकार असतो, इथे मात्र एका मराठी तुकड्याच्या जागी दुसराच येऊन बसतो. तिसरं, १६० आणि १७३ या दोन घरांवर लक्ष ठेवा. संगणकाच्या दृष्टीने १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा आणि १७३ म्हणजे गरज पडली तरच दिसणारी जोडरेघ. तुमच्या फॉन्टने तिथे एखादा तुकडा ठेवला असेल तर तो एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाताना बिनबोभाट नाहीसा होतो, आणि एकच अक्षर पुस्तकभर गळालेलं दिसतं.

हे सगळं लिहिण्याचं कारण असं की जुना प्रोग्रॅम आणि जुना फॉन्ट हाताशी असेल तर ताडून बघता येतं. डावीकडे पेजमेकर, उजवीकडे युनिकोड. तो नसेल तर अंदाजपंचे. केवढं तरी मराठी लेखन आज अशा अवस्थेत पडून आहे, आणि ते वाचवायची वेळ अजून गेलेली नाही.

शब्दवेडी

बारकावे, हा प्रतिसाद जपून ठेवते आहे. एक भर घालते: रूपांतर झाल्यावर 'दुसऱ्या', 'बऱ्याच', 'कुऱ्हाड' असे शब्द आवर्जून शोधा. कित्येक कन्व्हर्टर 'ऱ्य'चा 'र्य' करून टाकतात आणि 'दुसर्‍या'चं 'दुसर्या' होतं. मुद्रितशोधनात पहिल्यांदा मी तेच बघते.

रात्रपाळी

बारकावे यांचं वाचून माझं मत थोडं बदललं. नेटवर्कबाहेरच्या व्हर्च्युअल मशीनला माझी हरकत नाही. पण एक धोक्याची सूचना: त्या मशीनचीही प्रत ठेवा. व्हर्च्युअल मशीन म्हणजे शेवटी एक भलीमोठी फाइल, आणि ती ज्या डिस्कवर आहे ती डिस्क कधीतरी जाणारच. घरात लिहिलेल्या सीड्यांवर तर अजिबात विसंबू नका. आजच त्यांच्या आयएसओ प्रती (पूर्ण सीडीची एकच फाइल) काढा.

आणि जुनं सॉफ्टवेअर सांभाळायचं असेल तर अ‍ॅक्टिव्हेशन कसं होतं हे आधी तपासा. २०१२ च्या अखेरीस अडोबीने सीएस२ या आपल्या सॉफ्टवेअर-संचाचे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी सर्व्हर न लागणारी आवृत्ती देऊ केली. ते चांगलं झालं, पण तसं करायचं बंधन कोणावर नसतं. सीडी तुमची, पावती तुमची, आणि चालू करायची परवानगी मात्र दुसऱ्याच्या मशीनवर.

खटपट्या

रात्रपाळी, हाच माझा खरा घोर आहे. १९९० चा प्रोग्रॅम आज चालवता येतो, कारण तो पूर्ण आपल्या हातात होता. लोटस १-२-३ या हिशेबाच्या प्रोग्रॅमचं उदाहरण घ्या. १९८३ मध्ये आलेलं, आयबीएमने २०१३ मध्ये विक्री थांबवली, आणि २०२२ मध्ये टॅव्हिस ऑर्मंडी यांनी त्याची जुनी युनिक्स आवृत्ती चक्क आजच्या लिनक्सवर चालवून दाखवली. आज ब्राउझरमध्ये चालणारा हिशेबाचा प्रोग्रॅम बंद झाला तर तीस वर्षांनी कोण काय चालवून दाखवणार? चालवायला कोणाजवळ काही उरलेलंच नसेल.

ब्राउझरमध्ये खेळ आणि हलती चित्रं चालवणाऱ्या फ्लॅशचं बघा. ३१ डिसेंबर २०२० ला आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने स्वतःच मजकूर दाखवणं थांबवलं. तरी फ्लॅशच्या फाइली लोकांच्या डिस्कवर उतरवता येत होत्या, म्हणून रफल नावाच्या, फ्लॅशची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्या पुन्हा हलू-बोलू लागल्या. ज्यांचा अर्धा भाग सर्व्हरवर होता ते खेळ मात्र गेले ते गेलेच.

गणितज्ञ_नाही

सगळे जुने प्रोग्रॅम "जुने" होतातच असं नाही, हेही कुणीतरी म्हणायला हवं. गणिताचा मजकूर जुळवणारं टेक घ्या. डोनाल्ड नूथ यांनी १९७७ मध्ये सुरुवात केली, १९८० च्या दशकाअखेर त्याचं स्वरूप गोठवलं, आणि आता फक्त चुका दुरुस्त होतात. प्रत्येक दुरुस्तीला आवृत्तीचा क्रमांक पाय (π) या संख्येच्या एक अंक जवळ जातो, २०२१ पासून तो ३.१४१५९२६५३ आहे. तेव्हाची साधी टेक फाइल आजही तशीच्या तशी चालते. कारण ती साधा मजकूर आहे आणि प्रोग्रॅमचा स्रोत सगळ्यांसमोर आहे. फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅमची डीबीएफ फाइलही त्याच कारणाने टिकली. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ नंतर पुढची आवृत्ती आली नाही, पण डीबीएफची रचना इतकी सरळ आणि माहितीतली आहे की लिबरऑफिस हा मोफत ऑफिस-संच ती आजही उघडतो. जुनं सांभाळा, पण नवीन काम कशात साठवताय ते तेवढ्याच काळजीने ठरवा.

तळघर

@गणितज्ञ_नाही, सहमत. लिबरऑफिसचं नाव निघालंच आहे तर सांगतो, त्यातलं चित्रं-आकृत्यांचं ड्रॉ पेजमेकरच्या फाइलीही उघडतं. मजकूर हाती लागतो, मांडणी मात्र विस्कटते. वर्डपरफेक्ट, लोटस, क्लॅरिसवर्क्स यांच्यासाठीही आधी तेच करून बघावं.

ओझरते

सर्वांचे मनापासून आभार. सीड्यांमध्ये एका फोल्डरात फॉन्ट मिळाले, वडिलांनी वेगळे काढून ठेवले होते. काकांकडे पेजमेकर ७ ची मूळ सीडी होती. तळघर यांनी सांगितलं तसं व्हर्च्युअल मशीन उभं केलं, नेटवर्क बंद. पहिलं पुस्तक उघडलं आणि वाचता आलं. पानंसुद्धा जिथल्या तिथे आहेत.

दोन अडचणी: काही चित्रं अगदी धूसर दिसतात, आणि दुसऱ्या पुस्तकाची फाइल उघडताना एक फॉन्ट नसल्याचा संदेश येतो.

तळघर

फार आनंद झाला.

धूसर चित्रं म्हणजे पेजमेकर फक्त झलक दाखवतंय. मूळ टिफ फाइल बाहेर कुठेतरी होती आणि तिचा पत्ता तुटला आहे. फाइल मेनूतल्या लिंक्स मॅनेजरमध्ये अपेक्षित नाव दिसेल, त्या नावाची फाइल सीड्यांमध्ये शोधा आणि पुन्हा जोडा.

फॉन्ट नसल्याचा संदेश आला की पेजमेकर बदली फॉन्ट सुचवतं. तो कायमचा लावू नका, तात्पुरता ठेवा, आणि फाइल सेव्ह न करता बंद करा. मूळ प्रतीवर काम करूच नका, नेहमी नक्कल घ्या. पुढच्या प्रत्येक पुस्तकासाठी युटिलिटीज मेनूत प्लग-इन्समधलं पब इन्फो चालवा. त्या फाइलीत वापरलेल्या सगळ्या फॉन्टांची आणि चित्रांची यादी ते देतं. ती यादी पुस्तकाच्या फोल्डरात ठेवा, त्याच्या शेजारी ते फॉन्ट, आणि पोस्टस्क्रिप्टमधून (प्रिंटरला पान सांगायच्या भाषेतून) काढलेली, फॉन्ट आत भरलेली पीडीएफ. मांडणी पीडीएफमध्ये टिकेल, शोधता येणारा मजकूर आरटीएफवरून बारकावे सांगतात तसा वेगळा करावा लागेल.

न सापडलेल्या फॉन्टाचं नाव इथे टाका.

बारकावे

हो, नाव जसंच्या तसं टाका, शेवटचे आकडे आणि जाड-तिरक्याची अक्षरंसुद्धा. आरटीएफचं एक पान पाठवलंत तर तुकड्यांच्या क्रमांकांवरून मालिका कोणती ते ओळखून तक्ता करून देतो.